देवाची वेळ आणि आपला उशीर: पाळक व वडीलजनांस खुलं पत्र

आदरणीय पाळक, उपदेशक आणि मंडळ्यांचे वडीलजन यांस,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

हे पत्र एका मंडळीसाठी नाही, म्हणून यात कोणाचं नाव नाही. आजाऱ्याच्या खाटेजवळ, मयताच्या घरी किंवा नोकरी नसलेल्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवून “देवाची वेळ आली की होईल” असं सांगणाऱ्या सगळ्यांना मी हे लिहिते आहे. त्या सगळ्यांत मीही आहे. मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे की ते म्हणताना विचार करावा लागतो, हेच विसरून गेले होते.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीच्या हाताला छातीत गाठ लागली. तिने मला सांगितलं आणि मी प्रार्थना गटात सांगितलं. गटाने एक दिवस उपास-प्रार्थना ठेवली. शेवटी मंडळीच्या एका वडीलजनांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “बाळ, घाबरू नकोस. देवाच्या वेळी सगळं ठीक होईल. उगाच घाईने माणसांच्या मागे धावू नकोस.” मी मोठ्याने आमेन म्हटलं.

आठ महिने गेले. गाठीवरची कातडी आत ओढल्यासारखी दिसू लागली तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, “इतके दिवस काय करत होता?”

माझ्याकडे उत्तर तयार होतं. आम्ही देवाच्या वेळेची वाट पाहत होतो. पण त्या खोलीत ते तोंडातून बाहेर पडेना. मंडळीत जे इतक्या सहज म्हणता येतं ते तिथे का म्हणता येऊ नये, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे.

त्या वडीलजनांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचं तिच्यावर लेकीसारखं प्रेम आहे आणि आजही ते रोज तिचं नाव घेऊन प्रार्थना करतात. शिवाय खरं सांगायचं तर त्यांचं बोलणं आम्हा दोघींना हवंच होतं. तपासणी केली तर वाईट काहीतरी निघेल, ही भीती आमच्या पोटात होती. त्या भीतीला आम्ही पाळकांचा झगा घातला आणि तिला विश्वास म्हणू लागलो. उशीर आमचा होता. तो आम्ही देवाच्या नावावर लावला.

तेव्हापासून मी पवित्र शास्त्र जरा वेगळ्या नजरेने वाचते आहे. २ राजे, अध्याय २० पाहा. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. यशया संदेष्टा येऊन त्याला सांगतो की घराची व्यवस्था लाव, तू यातून उठणार नाहीस. राजा भिंतीकडे तोंड फिरवून प्रार्थना करतो आणि हमसून रडतो. यशया अजून मधल्या चौकाबाहेरही पडलेला नसतो, तोच देव त्याला परत पाठवतो: राजाचं आयुष्य मी १५ वर्षांनी वाढवलं आहे. आपण इथेच थांबतो, कारण साक्ष इथे पूर्ण होते. पण पुढचंच वचन असं आहे की यशयाने अंजिरांची ढेप आणायला सांगितली, ती गळवावर बांधली आणि राजा बरा झाला. त्यानंतर चिन्ह म्हणून सावली १० पायऱ्या मागे सरकते.

म्हणजे ज्याच्या हुकमाने सावली उलटी चालते, त्याच्याच संदेष्ट्याने लेप लावायला सांगितला. वचन आधीच मिळालं होतं, १५ वर्षं पक्की झाली होती, तरी लेप. हा पाठ मी मुलांना कितीतरी वेळा शिकवला आहे. सावलीचं चित्र काढून घेतलं, पायऱ्या मोजून घेतल्या. अंजिरांकडे माझं लक्ष कधी गेलं नाही.

आपल्या उपदेशांत देवाच्या वेळेसाठी सर्वांत जास्त वापरला जाणारा उतारा म्हणजे योहान, अध्याय ११. मार्था आणि मरीया या बहिणींचा भाऊ लाजर आजारी आहे हे कळूनही येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. बेथानीला पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मग येशूने त्याला जिवंत उठवलं. त्याने मुद्दाम विलंब केला, त्या विलंबात गौरव होतं, असं आपण सांगतो आणि ते खोटं नाही. शास्त्रच तसं म्हणतं. पण हे कारण येशू कोणाजवळ बोलतो ते बघा. तो शिष्यांजवळ बोलतो, वाटेला लागण्यापूर्वी. बहिणींसमोर आल्यावर “मी बरोबर वेळेवर आलो आहे” असं तो म्हणत नाही. मार्था म्हणते, “प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.” थोड्या वेळाने मरीया येते आणि तेच म्हणते. चार दिवस त्या घरात दोघी एकमेकींशी दुसरं काही बोलल्या नसतील, असं मला वाटतं. येशू दोघींपैकी एकीलाही गप्प करत नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलतो, स्वतःविषयी बोलतो. मरीयेला मात्र इतकंच विचारतो की त्याला कुठे ठेवलं आहे, आणि रडतो.

जो विलंब त्याचा स्वतःचा होता, त्याचंही समर्थन त्याने रडणाऱ्यांपुढे केलं नाही. त्याच्या वतीने ते आपण करतो, तेही मयत घरात असताना.

आणखी एक गोष्ट या अध्यायात आहे आणि ती मला टोचते. मार्था आणि मरीयेने उशीर केला नव्हता. भाऊ आजारी पडल्यावर त्यांनी येशूकडे माणूस धाडला होता. त्यांची वाट पाहणं निरोप पाठवल्यानंतरचं होतं. आमचं निरोप न पाठवताच सुरू झालं.

एका बायबल अभ्यासवर्गात आम्हाला शिकवलं होतं की ग्रीक भाषेत वेळेसाठी दोन शब्द आहेत. ‘ख्रोनोस’ म्हणजे घड्याळाची, माणसांची वेळ आणि ‘कैरोस’ म्हणजे देवाची, नेमलेली वेळ. किती वर्षं मी ही विभागणी फळ्यावर लिहीत आले! आपणही व्यासपीठावरून ती सांगता. ऐकायला छान वाटते, पण नव्या कराराच्या मजकुरात ती इतकी सरळ बसत नाही. “काळ पूर्ण झाला आहे” असं येशू मार्क १:१५ मध्ये म्हणतो तिथे कैरोस आहे, हे ठीक. पण गलतीकरांस ४:४ मध्ये, काळाची पूर्णता झाली तेव्हा देवाने आपल्या पुत्राला पाठवलं असं पौल लिहितो, तिथे शब्द आहे ख्रोनोस. देवाची सर्वांत मोठी वेळ साध्या, दिवसामागून दिवस जाणाऱ्या काळात भरली. प्रेषितांची कृत्ये १:७ मध्ये तर येशू दोन्ही शब्द एका दमात घेतो आणि म्हणतो की काळ व समय जाणणं तुमच्याकडे नाही. मग तो त्यांना काम देतो: साक्षी व्हा. आणि ते वर आकाशाकडे पाहत उभे राहतात तेव्हा दोन पुरुष येऊन विचारतात, असे वर बघत का उभे आहात?

आता यिर्मया संदेष्ट्याकडे येते, कारण खरं म्हणजे त्याच्यासाठीच मी लिहायला बसले. अध्याय २९, वचन ११: “संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत.” हे वचन आपल्या भिंतींवर असतं, वाढदिवसाच्या कार्डांवर असतं, परीक्षेला बसणाऱ्या मुलाच्या वहीत असतं. माझ्या बहिणीच्या उशाशीही ते चिकटवलेलं आहे. एका मैत्रिणीने आणून दिलं. हे वचन एका पत्रातलं आहे, आणि त्या पत्राला मागचा-पुढचा मजकूर आहे.

ख्रिस्तपूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेमेचा राजा यखन्या, त्याचे सरदार, कारागीर आणि लोहार यांना पकडून नेलं. मागे राहिलेल्यांना आणि नेलेल्यांना एकच प्रश्न पडला होता: परत कधी? मंदिरात हनन्या नावाचा एक संदेष्टा उभा राहिला आणि म्हणाला, दोन वर्षांत. देवाने बाबेलच्या राजाचं जू मोडलं आहे. यिर्मयाच्या मानेवर चिन्ह म्हणून लाकडी जू होतं, तेही त्याने काढून मोडलं. लोकांना काय आनंद झाला असेल! आणि यिर्मया काय म्हणतो? “आमेन! परमेश्वर तसं करो.” यात मला उपहास दिसत नाही. त्यालाही ते खरं व्हावंसं वाटत होतं, असंच मी मानते. पण त्याला ठाऊक होतं की तसं होणार नाही. हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात वारला. आणि यिर्मयाने बाबेलातल्या लोकांना पत्र लिहिलं.

त्या पत्रात आधी कामं येतात. घरं बांधा आणि त्यांत राहा. बाग लावा आणि तिची फळं खा. लग्नं करा, मुलांची लग्नं लावा. ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या शांतीतच तुम्हाला शांती मिळेल. मग वचन १०: बाबेलची ७० वर्षं भरल्यावर मी तुमची भेट घेईन. आणि त्यानंतर आपलं आवडतं वचन ११.

सत्तर वर्षं. ज्या बाईने हे पत्र चाळिशीत ऐकलं, ती परत जाणार नव्हती. तिचे तरुण मुलगेही बहुधा जाणार नव्हते. तरीही “संकल्प हिताचे आहेत” हे तिलाच सांगितलं होतं. आपण मधलं वचन १० गाळून पुढचं तेवढं भिंतीवर लावतो आणि मग ते वचन यिर्मयापेक्षा हनन्यासारखं बोलू लागतं: दोन वर्षांत, दोन महिन्यांत, लवकरच.

पत्र वाचून सगळे खूश झाले नाहीत, हेही त्याच अध्यायात आहे. शमाया नावाच्या माणसाने बाबेलहून यरुशलेमेच्या याजकाला उलट पत्र धाडलं की या वेड्याला खोड्यात का घालत नाहीस? त्याचा गुन्हा काय, तर “हे लांबणार आहे, घरं बांधा” असं तो लिहितो. मला वाटतं, आजही मंडळीत कोणी उभं राहून “हे लांबणार आहे” म्हणालं तर त्याच्या विश्वासात काहीतरी कमी आहे, अशीच कुजबुज होईल. (गणिताची आवड असलेल्यांसाठी सांगते, ती ७० वर्षं नेमकी कुठून कुठे मोजायची यावर अभ्यासकांत एकमत नाही. बाबेल पर्शियाचा राजा कोरेश याच्या हाती पडलं ख्रिस्तपूर्व ५३९ मध्ये आणि परतीची परवानगी मिळाली त्याच्या पुढच्या वर्षी. ५९७ पासून मोजलं तर ती भरत नाहीत. लोकांनी तोवर घरं बांधली, ती मात्र खरी होती.)

‘नगराचं हित’ या शब्दांपाशी मी पूर्वी कधी थांबले नव्हते. ते नगर बाबेल होतं. ज्यांनी पकडून नेलं, ज्यांनी पुढे मंदिर जाळलं, त्यांचं नगर. आपल्या बोलण्यात ‘जग’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा येतो. जगात राहा पण जगाचे होऊ नका, हे आपण म्हणतो आणि त्यातला पहिला अर्धा भाग घाईत उरकतो. मंडळीत कोणाचं कौतुक होतं? जो रात्रीच्या प्रार्थनेला येतो, जो सुट्टी घेऊन मेळाव्याला जातो त्याचं. ऑफिसात वरिष्ठांनी सांगूनही खोट्या हिशेबावर सही न करणाऱ्या कारकुनाची साक्ष व्यासपीठावरून मी तरी ऐकलेली नाही. तो देवाच्या राज्याची वाट पाहतच नाही, असं आपल्याला वाटतं की काय?

बहिणीचं औषध शिरेतून चालू असायचं तेव्हा एक परिचारिका दर थोड्या वेळाने यायची, थेंब मोजायची, सुई लावलेल्या हाताखाली टॉवेलची घडी सरकवून द्यायची. तिचा धर्म कोणता, मी विचारलं नाही. नगराच्या शांतीत आपली शांती असते म्हणजे काय, ते मला तिथे त्या खुर्चीवर बसून कळलं.

ज्यांना वेळ आधीच कळलेली असते त्यांच्याविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यांच्यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी प्रभू येशू परत येण्याची तारीख म्हणून २२ ऑक्टोबर १८४४ धरली होती. काहींनी शेतातलं पीक उभंच सोडलं. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी रेडिओवरून २१ मे २०११ सांगितली, ती चुकल्यावर २१ ऑक्टोबर सांगितली, आणि पुढच्या वर्षी तारीख सांगणं हे पाप होतं अशी कबुली दिली. ती कबुली मला मोठी वाटते. आपल्या फोनवर युद्ध, भूकंप आणि ग्रहणं जोडून ‘आता फार दिवस नाहीत’ असे निरोप रोज फिरत असतात. ते पुढे पाठवणाऱ्यांपैकी कोणी अशी कबुली दिल्याचं मी पाहिलेलं नाही. तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, हे मार्क १३:३२ मध्ये पुत्रच सांगतो. थेस्सलनीकात काही लोक कामधंदा सोडून बसले होते आणि त्यांतले कित्येक प्रभूचा दिवस आलाच आहे म्हणून बसले असावेत. पौल त्यांना भविष्याचा तक्ता काढून देत नाही. शांतपणे आपलं काम करा आणि स्वतःची भाकर खा, असं सांगतो.

पण मला जास्त काळजी दुसऱ्या बाजूची आहे. तारीख सांगणारे निदान खोटे ठरतात. “अजून वेळ आलेली नाही” म्हणणारे कधीच खोटे ठरत नाहीत.

१२ एप्रिल १९६३ हा उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) होता. त्या दिवशी अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम शहरात कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांसाठी आंदोलन करणारे पाळक मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. त्याच दिवशी अलाबामातल्या आठ धर्मगुरूंचं निवेदन प्रसिद्ध झालं, ज्यात आंदोलनं अविचारी आणि अवेळी आहेत असं म्हटलं होतं. ती दुष्ट माणसं नव्हती. ‘कधीच नको’ असं ते म्हणत नव्हते, ‘आत्ता नको’ म्हणत होते. किंग यांनी तुरुंगातून जे उत्तर लिहिलं तेही एक खुलं पत्रच होतं, पाळकाने पाळकांना लिहिलेलं. काळ स्वतःहून काहीच बरं करत नाही, तो जसा वापराल तसा असतो, असं त्यांनी त्यात मांडलं. आणि ‘थांबा’ या शब्दाचा अर्थ आजवर बहुतेक वेळा ‘कधीच नाही’ असाच निघाला, हेही.

विल्यम विल्बरफोर्स यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ब्रिटिश संसदेत पहिलं मोठं भाषण केलं १७८९ मध्ये. तो व्यापार बंद करणारा कायदा झाला १८०७ मध्ये. गुलामगिरीच संपवणारं विधेयक खालच्या सभागृहात पार पडल्याची बातमी त्यांना मिळाली जुलै १८३३ मध्ये, आणि तीन दिवसांनी ते वारले. ही गोष्ट ‘देवाची वेळ’ या विषयावरच्या उपदेशात हमखास येते. मीही सांगितली आहे. पण मधल्या ४४ वर्षांत ते काय करत होते? विधेयक मांडत होते, हरत होते, पुन्हा मांडत होते. १७९१ मध्ये हरल्यावर कोणी त्यांना सांगितलं असेल का, की प्रभूची इच्छा दिसत नाही, आता सोडून द्या? मला वाटतं नक्की सांगितलं असेल, आणि सांगणारा देवभीरूच असेल.

हे सगळं लिहिताना मला एका नावाशी अडखळायला होतं. दीट्रिख बोन्होफर हे हिटलरला विरोध करणारे जर्मन पाळक १९३९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत सुरक्षित होते आणि युद्ध सुरू व्हायच्या आधी काही आठवड्यांतच स्वतःहून परत गेले. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आली. २३ एप्रिलला अमेरिकन सैन्याने ती छावणी मुक्त केली. मध्ये १४ दिवस. त्या १४ दिवसांना ‘अचूक वेळ’ म्हणण्याची माझी छाती होत नाही. ते देवाच्या हातात नव्हते असं म्हणण्याचीही होत नाही. मी दोन्हींच्या मध्ये उभी आहे आणि तिथून हलता येत नाही. आपल्याला हलता येत असेल तर मला जरूर सांगा, पण कृपा करून एका वाक्यात सांगू नका.

“माझे दिवस तुझ्या हाती आहेत.” स्तोत्र ३१, वचन १५. याच स्तोत्राचं पाचवं वचन येशूने वधस्तंभावर म्हटलं: तुझ्या हाती मी आपला आत्मा सोपवतो. मधली वचनं सहसा वाचली जात नाहीत. डोळे दुःखाने खंगले आहेत, हाडं जीर्ण झाली आहेत, शेजारी मला पाहून दूर पळतात, मी फुटक्या भांड्यासारखा झालो आहे. हे सगळं देवासमोर बोलून झाल्यावर तो माणूस आपले दिवस देवाच्या हातात देतो. दुसऱ्या कोणी त्याला ते सुचवलेलं नाही.

तिसऱ्या औषधानंतरची एक रात्र होती. बहिणीला उलट्या होत होत्या, झोप नव्हती. पहाटे ती म्हणाली, “ताई, माझे दिवस त्याच्या हातात आहेत गं.” मी काही बोलले नाही. आमेनसुद्धा म्हटलं नाही. तिचे पाय चेपत राहिले.

वडीलजनांनी सांगितलेलं आणि तिने म्हटलेलं जवळपास एकच होतं. तरी दोन्ही वेळा मला जे वाटलं ते एक नव्हतं, आणि त्या फरकासाठीच मी आपला एवढा वेळ घेते आहे. मागणं मोठं नाही. कोणी गाठ लागल्याचं सांगितलं तर आधी विचारा की डॉक्टरांची वेळ घेतली का, मग प्रार्थना करा. दवाखान्यात बाहेर बसल्या-बसल्या केली तरी चालेल. नवरा मारतो असं सांगत एखादी बाई आली तर तिला देवाची वेळ सांगू नका. आज रात्री ती कुठे झोपेल ते ठरवा. मूल होत नसलेल्या जोडप्याला अब्राहाम आणि सारा यांचं उदाहरण देताना हेही आठवा की वचन मिळालं तेव्हा अब्राहाम ७५ वर्षांचा होता आणि इसहाक झाला तेव्हा १००. मधल्या वर्षांत त्या घरात सारेची दासी हागार हिचं काय झालं, तेही वाचा. आणि मंडळीचा जमाखर्च मांडायचं राहून गेलं असेल तर त्याला ‘योग्य समयी’ म्हणू नका. तो उशीर आहे.

स्तोत्र १३ मंडळीत कधीतरी मोठ्याने वाचा. त्यात चार वेळा ‘कोठवर’ असं विचारलं आहे. उत्तर दिलेलं नाही. उपदेशही न करता नुसतं वाचलं तरी खूप होईल.

यिर्मयाची आणखी एक गोष्ट, अध्याय ३२ मधली. यरुशलेमेला वेढा पडलेला, शहर पडणार हे त्यानेच सांगितलेलं आणि त्यापायी तो कैदेत. तेव्हा त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत विकत घे. शत्रूचा वेढा असताना शेत! यिर्मया १७ शेकेल रुपे तोलून देतो, खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहोरबंद करतो आणि एक उघडी ठेवतो. आपला लेखनिक बारूख याला सांगतो की दोन्ही मातीच्या मडक्यात घाल, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. एवढं सगळं उरकल्यावर तो देवाला प्रार्थनेत विचारतो, तू मला हे शेत घ्यायला का सांगितलंस? शहर तर चाललं आहे. आधी सह्या, मग प्रश्न. हा क्रम मला फार आवडतो.

बहिणीची पुढची तपासणी येत्या गुरुवारी आहे. त्या दिवशी मला कामावरून सुट्टी मिळालेली नाही. आत जाताना तिच्याबरोबर कोणीतरी लागतं, कागद सांभाळायला आणि बाहेर बसायला. आमच्या मंडळीचे वडीलजन हे वाचत असतील तर विचारते, आपल्यापैकी कोणाला येता येईल का? सकाळी साडेआठला निघायचं आहे.

आपली नम्र,
रविवारच्या शाळेतली एक शिक्षिका